कोरफडीला थोडं तहानलेलंच राहू द्या!

कोरफड ठाऊक नाही असं मराठी घर शोधूनही सापडायचं नाही. कुणाच्या न्हाणीघरामागे, कुणाच्या गच्चीच्या कठड्यावर, तर कुणाच्या फ्लॅटच्या खिडकीत जाळीला टेकून ती उभी असते. खोकला झाला की आजी कोरफडीचं पान विस्तवावर भाजून त्याचा रस मधातून चाटवायची. केस गळायला लागले की आई तिचा गर खोबरेल तेलात कढवायची. आता हीच कोरफड ‘अ‍ॅलोव्हेरा’ या नावानं बाटलीत, ट्यूबमध्ये आणि शाम्पूमध्ये जाऊन बसली आहे. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण नाव बदललं की तेही विकलं जातं!

गंमत अशी, की इतका घरोबा असलेली ही वनस्पती कुंडीत लावली की वर्षाच्या आत सडून जाते, अशी तक्रार मी बचत गटाच्या बैठकांमध्ये नेहमी ऐकते. ‘‘ताई, रोज न चुकता पाणी घालत होते हो, तरी गेली!’’ मी म्हणते, अगं बाई, ‘तरी’ गेली नाही, ‘म्हणून’ गेली. अति तेथे माती ही म्हण कोरफडीला जितकी लागू पडते, तितकी दुसऱ्या कुठल्या झाडाला क्वचितच पडत असेल.

नावाप्रमाणेच कुमारी

संस्कृतात हिला कुमारी किंवा घृतकुमारी म्हणतात. सदा टवटवीत दिसते म्हणून कुमारी आणि आतला गर तुपासारखा म्हणून घृत. आपल्याकडे ती इतकी रुळली आहे, की ती मूळची इथलीच वाटते. पण वनस्पतिशास्त्रज्ञ तिचं माहेर अरबस्तानच्या कोरड्या डोंगराळ भागात असल्याचं सांगतात. काटे बघून पुष्कळजणी तिला निवडुंगाची बहीण समजतात, मात्र दोघींची कुळं अगदी वेगळी. सारखेपणा एवढाच, की पावसाचा भरवसा नसलेल्या मुलखात दोघीही पाणी साठवायला शिकल्या. निवडुंगानं ते खोडात साठवलं, कोरफडीनं पानात. तिच्या गरात सुमारे ९८-९९ टक्के पाणीच असतं, म्हणजे प्रत्येक पान ही एक छोटी टाकीच म्हणा ना!

पाणी वाचवण्याची तिची आणखी एक युक्ती आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडून हवा घेतात आणि त्याच वाटेनं पानातलं पाणी वाफ होऊन निघून जातं. कोरफड दिवसा उन्हात ही दारं लावून घेते. रात्री गारवा झाला की ती उघडते, लागणारा कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि आम्लाच्या रूपात साठवते. मग दिवसा उजेडात, दारं बंद ठेवून, त्या साठ्यावर स्वयंपाक करते. आपण रात्री डाळ भिजत घालून ठेवतो ना, तसंच!

आपल्याकडे दारावर कोरफड उलटी टांगायची जुनी पद्धत आहे. नजर लागू नये, घरात किडे येऊ नयेत म्हणून टांगतात. त्याचा उपयोग किती होतो हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण ते झाड मातीवाचून, पाण्यावाचून महिनोन् महिने हिरवं राहतं, हे तर आपण डोळ्यांनी बघतो. बाहेरची पानं सुकवत जाऊन ती मधला कोंब जगवते. संसारात ओढाताण आली की आधी स्वतःचं ताट रिकामं ठेवणाऱ्या बायका मला अशा वेळी आठवतात!

दुष्काळी भागातल्या मैत्रिणींना तिचं हे मोल मुद्दाम सांगायला नको. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी न्यावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या भागातही नळाची वाट बघण्यात दिवस जात. मोगरा गेला, जास्वंद गेली. तुळस तेवढी बायकांनी डाळ-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर जगवली. कोरफडीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. पानं चिपाडासारखी झाली, कडा आत वळल्या. पण जूनमध्ये दोन पाऊस झाले आणि पंधरा दिवसांत ती पुन्हा गुबगुबीत! आपल्याकडे पाण्याची घागर बहुतेक बाईच्याच डोक्यावर असते. अशा घरात जिच्यासाठी जास्तीची एक कळशी आणावी लागत नाही, ती कोरफड.

कुंडी आणि माती

कोरफडीला शक्यतो मातीची, साधी, बिनरंगाची कुंडी घ्या. तिच्या अंगातून पाणी उडून जातं, त्यामुळे मुळं कोंदट होत नाहीत. खोल कुंडीपेक्षा पसरट बरी, कारण कोरफडीची मुळं फार खोल जात नाहीत. आठ-दहा इंची कुंडी एका झाडाला पुरते. तेलाचा पत्र्याचा डबा किंवा प्लास्टिकचा जुना टबही चालेल, पण तळाला चार-पाच भोकं हवीतच. दिसायला सुंदर आणि तळाला भोक नसलेली चिनी मातीची कुंडी भेट मिळाली असेल, तर ती दिवाणखान्यात नुसतीच ठेवा. कोरफडीच्या दृष्टीनं ती विहीरच!

मातीचंही तसंच. मराठवाड्यात, सोलापूरकडे आपली काळी माती म्हणजे सोनं. कापसाला, ज्वारीला ती उत्तम. पण कुंडीत तीच पाणी धरून बसते आणि सुकली की दगडासारखी होऊन भेगाळते. म्हणून दोन भाग माती (तांबडी मिळाली तर फारच छान), दोन भाग जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत असं मिश्रण करा. वाळू आता महाग झाली आहे, तेव्हा जवळपास बांधकाम चालू असेल तर फुटक्या विटा मागून आणा. बारीक मुरूमही चालतो. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर वाळू कमी पडली. विस्कटला तर जमलं!

जागा उजेडाची हवी. सकाळचं तीन-चार तासांचं ऊन मिळालं तर उत्तम. घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ती मरत नाही, पण पानं लांबुडकी, फिकट होऊन आडवी पडतात. आतलं झाड एकदम एप्रिलच्या उन्हात नेऊन ठेवलंत तर पानं तांबूस-तपकिरी पडतात. घाबरू नका, आठवडाभर सावलीत ठेवून मग हळूहळू उन्हाची सवय करा. नव्या सुनेला नाही का आपण घर समजायला वेळ देत?

पाणी किती? बोटाला विचारा

‘किती दिवसांनी पाणी घालू?’ हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. कॅलेंडरवर खुणा करू नका, बोटाला विचारा. मातीत दोन पेरं बोट खुपसून पाहा. ओल लागली तर तांब्या खाली ठेवायचा. कोरडं लागलं तर पाणी घालायचं आणि ते तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत नीट घालायचं. मग खालच्या बशीत साचलेलं पाणी ओतून टाकायचं. रोज उगीच चार थेंब शिंपडणं हे सगळ्यात वाईट. त्यानं वरची माती ओली राहते आणि खालची मुळं मात्र कोरडीच.

अंदाजच हवा असेल तर आपल्याकडच्या कडक उन्हाळ्यात सहा-आठ दिवसांनी, थंडीत पंधरा-वीस दिवसांनी आणि पावसाळ्यात जवळजवळ नाहीच. मुंबई, कोकणातल्या मैत्रिणींनी तर जून ते सप्टेंबर कुंडी वळचणीखालीच घ्यावी. पाणी घालताना ते पानांच्या मधल्या बेचक्यात साचू देऊ नका, बुंध्याशी घाला. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी अधूनमधून चालेल. साबणाचं, मिठाचं पाणी मात्र नको. खतही वर्षातून दोनदा मूठभर पुरे.

तिची पानं तब्येत सांगतात, फक्त ती वाचता आली पाहिजेत. पान पातळ झालं आणि कडा आत वळल्या, तर तहान लागली आहे. खालची पानं पिवळी, मऊ, पाणचट झाली आणि बुंध्याला वास यायला लागला, तर पाणी जास्त झालंय. आपण नेमकं उलटं करतो. पान मलूल दिसलं की आधी पाणी ओततो! सडायला लागलेलं झाड लगेच उपटा, काळं पडलेलं मूळ-बुंधा स्वच्छ सुरीनं कापा आणि चार-पाच दिवस सावलीत तसंच पडू द्या. कापलेली जागा सुकून कडक झाली, की कोरड्या वाळूमिश्रित मातीत लावा आणि आठवडाभर पाणी दाखवू नका. मधला कोंब शाबूत असेल तर बरेचदा ते जगतं.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. थोडा असेल तेव्हाच ओल्या फडक्यानं पुसून काढा आणि कुंडी इतर झाडांपासून दूर ठेवा.

पिल्लं वेगळी करताना

झाड दीड-दोन वर्षांचं झालं की बुंध्याशी पिल्लं येतात. ती चार-पाच इंचांची झाली, चार-पाच पानं आली, की वेगळी करता येतात. माती कोरडी असताना झाड कुंडीतून काढा आणि पिल्लू त्याच्या मुळांसकट हलक्या हातानं सोडवा. दोन दिवस सावलीत ठेवून मग लावा. लावल्याबरोबर पाणी नको, चार-पाच दिवस थांबा. नुसतं पान मातीत खोचून कोरफड येत नाही, ते बहुधा सडतंच. ज्यांना पानफुटी लावायची सवय आहे त्या इथे फसतात.

रोप घेताना ओळख पटवून घ्या. नर्सरीत शोभेच्या कोरफडी अनेक असतात. जगात या वंशाच्या पाचशेहून अधिक जाती आहेत आणि सगळ्याच औषधी नाहीत. शेताच्या बांधावर, रेल्वे रुळांच्या कडेला दिसणारं घायपात तर कोरफडीसारखंच भासतं. पण त्याचं पान कडक, धागेदार असतं आणि टोकाला सुईसारखा काटा असतो. त्याचा रस अंगाला लागला की आग आणि खाज सुटते. कोरफडीचं पान मोडलं की आत धागे नसतात, नितळ गर असतो. दिसतं तसं नसतं, हे इथेही खरं!

एका पानात दोन वस्तू

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. कोरफडीच्या पानात एक नाही, दोन वेगळ्या वस्तू असतात. आतला पारदर्शक, बुळबुळीत तो गर. आणि हिरव्या सालीच्या लगेच आत असतो तो पिवळा, कडूजहर चीक. हाच चीक आटवून सुकवला की काळा बोळ होतो. तो जहाल रेचक आहे. वैद्य काळा बोळ वापरतात, पण मोजून, रोग्याची प्रकृती बघून. आपण घरी मिक्सरला पान सालीसकट फिरवून ग्लासभर पितो तेव्हा कुठलं माप असतं?

आमच्या गटातल्या एकीच्या सुनेला दिवस गेले होते. ‘कोरफड थंड असते, बाळाला चांगली’ असं कुणीतरी सांगितलं आणि तिला रोज सकाळी अख्ख्या पानाचा रस सुरू झाला. चौथ्या दिवशी पोटात मुरडा, जुलाब, अंगात त्राण नाही. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा रसाचा विषय निघाला. वेळेवर दवाखाना गाठला म्हणून निभावलं. सासू बिचारी रडत होती. सुनेवरच्या मायेपोटीच तर तिनं पहाटे उठून रस काढला होता! झाड घरचं, म्हणजे ते निर्धोक, हा आपला समज फार खोल रुजला आहे. त्याचा ताप होतो तो बहुधा घरातल्या बायकांनाच, कारण घरगुती उपाय आधी त्यांच्यावर होतात आणि दवाखाना शेवटी.

ही काळजी काही माझ्या मनची नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००२ साली कोरफडीच्या चिकाची रेचकं दुकानातून थेट विकायला मनाई केली, कारण ती सुरक्षित असल्याचा पुरावा कंपन्यांनी दिला नव्हता. पुढे २०१३ साली तिथल्याच सरकारी संशोधनाचा अहवाल आला. चीक न काढलेल्या अख्ख्या पानाचा अर्क दोन वर्षं पाण्यातून दिलेल्या उंदरांच्या मोठ्या आतड्यात गाठी आढळल्या होत्या. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं असा अर्क ‘माणसात कर्करोगाची शक्यता’ असलेल्या गटात नोंदवला. लक्षात घ्या, हे अख्ख्या पानाच्या अर्काबद्दल आहे, त्वचेला लावायच्या स्वच्छ गराबद्दल नाही. म्हणून घाबरून कुंडी फेकून देऊ नका, पान कापायची रीत शिकून घ्या.

निदान दोन वर्षांच्या झाडाचं, सगळ्यात बाहेरचं, खालचं, भरलेलं पान बुंध्याजवळून कापा. एका वेळी एक-दोनच. कापलेली बाजू खाली करून ते पेल्यात पंधरा-वीस मिनिटं उभं ठेवा. पिवळा चीक निथळून जातो. मग पान धुवा, कडेचे काटे काढा, साल जरा जाडच सोला आणि आतला गर पुन्हा पाण्यानं धुवा. पिवळसरपणा राहिला तर तेवढा भाग काढून टाका. हा गर झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतो.

स्वयंपाक करताना हात पोळला तर आधी पंधरा-वीस मिनिटं साध्या पाण्याखाली धरायचा, गर त्यानंतर. फोड फुटला असेल, भाजलेली जागा मोठी असेल, तर गर नको, सरळ डॉक्टर. चेहऱ्याला लावण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडा लावून दिवसभर बघा, काहींना त्याचीही खाज सुटते. पोटात घ्यायचा असेल तर वैद्य-डॉक्टरांना विचारूनच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, लहान मुलांनी आणि मधुमेहाच्या, हृदयाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर मुळीच मनानं घेऊ नये. आजीचं ते मधातलं चाटणही वर्षाच्या आतल्या बाळाला नको, कारण त्या वयात मधच घातक ठरू शकतो. घरात कुत्रं-मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा, त्यांनाही ती बाधते.

यंदाचं वाण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी आपण काय वाटतो? प्लास्टिकचे डबे, गाळण्या, चमचे… वापरात येण्याआधीच ते माळ्यावर जातात. गेली काही वर्षं आमच्या गटात आम्ही कोरफडीची पिल्लं लुटतो. दिवाळीनंतर ती वेगळी करायची, दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांना भोकं पाडून त्यात लावायची. रथसप्तमीपर्यंत ती छान धरतात. खर्च जवळजवळ नाही, शिवाय या वाणाला सौभाग्याची अट लागत नाही. आम्ही सगळ्याजणींना बोलावतो, ज्यांना एरवी हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही त्यांनाही. पहिल्या वर्षी दारातच घुटमळलेल्या एक काकू आता आपल्या कुंडीतली पिल्लं घेऊन सगळ्यांच्या आधी हजर असतात.

पिल्लू देताना प्रत्येकीला दोन गोष्टी तोंडी सांगायच्या, असा आमचा नेम आहे. पाणी कमी घाल आणि पिवळा चीक काढल्याशिवाय पान वापरू नकोस. बाकी सगळं ती कोरफडच शिकवते.

चौकट : थोडक्यात सांगायचं तर…

• कुंडी मातीची, पसरट, तळाला भोक असलेली.
• माती भुसभुशीत, जाड वाळू किंवा विटांचे तुकडे मिसळलेली.
• बोट घालून बघा, माती कोरडी असेल तरच पाणी.
• पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली.
• पान मऊ, पिवळं पडलं तर पाणी बंद. पातळ होऊन वळलं तर पाणी द्या.
• पिल्लू लावल्यावर चार-पाच दिवस पाणी नाही.
• पान कापल्यावर चीक निथळू द्या, गर धुऊन घ्या.
• गरोदरपणात कोरफडीचा रस नको म्हणजे नकोच.